दर वेळी नवा डॉक्टर

बिरवाडी, रविवार दुपार

प्रिय वैशू,

परवा फोनवर तू सहज विचारावं तसं विचारलंस, "ताई, तुझी ती डॉक्टरीण बाहेरगावचं पेशंट पण घेते का गो?" मी हो म्हटलं, पुढे काही बोलणार तेवढ्यात तू म्हणालीस की चुलीवर दूध ठेवलंय. तेव्हापासून माझ्या डोक्यातून ते जात नाही. डॉक्टर कुठे बसते, दवाखाना किती वाजता उघडतो, हे सांगायला एक मिनिट पुरे. पण मला ही बाई कशी सापडली ते एका मिनिटात सांगता येत नाही. म्हणून वही घेऊन बसले आहे. बारावीनंतर एवढं लिहायची वेळ आली नाही, तेव्हा अक्षराला हसू नकोस.

आधी इकडची खुशाली. माझा डावा हात आता बऱ्यापैकी चालतो. दोन बोटं अजून पूर्ण मिटत नाहीत, पण कपडे पिळता येतात आणि भाकरी थापता येते. आमची घरमालकीण रुकय्याचाची, तिने वरची खोली मला दिली आहे. खाली ती आणि तिची सून तूबा, वर मी. तिचे यजमान जुल्फिकारचाचा कुवेतहून शुक्रवारी फोन करतात, तेव्हा माझीही चौकशी करतात. सकाळी मी दवाखान्यात जाते. बाहेरच्या टेबलाशी बसायचं, नावं लिहायची, वजन करायचं, लहान पोरांचा ताप बघायचा. मॅडमनी आता मला ब्लडप्रेशर मोजायलाही शिकवलं आहे. आई मागच्या वेळी आली तेव्हा तिचं मीच मोजलं, तर ती शेजारच्या बाईला म्हणाली, "माझी पोर हाय ती, अर्धी डॉक्टरच झाली बघा."

सुंबुल मॅडमना तू पाहिलेलं नाहीस. महाडच्याच आहेत, त्यांच्या वडिलांचे ट्रक होते. मुंबईत शिकल्या, मोठ्या हॉस्पिटलात नोकरीही होती, पण परत आल्या आणि बिरवाडीच्या बाजाराच्या गल्लीत दोन खोल्या घेऊन बसल्या. पाटीवर फॅमिली डॉक्टर असं लिहिलेलं आहे. लोक आधी विचारायचे, म्हणजे नेमक्या कशाच्या डॉक्टर. त्या म्हणायच्या, "माणसांच्या." बोलणं तुटक, चष्मा सारखा नाकावरून घसरतो, आणि कोणी तपासताना मोबाइल काढला की सरळ बाहेर घालवतात. कारखान्यात हात भाजलेला माणूस येवो नाहीतर खोकणारी म्हातारी, त्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो: घरी कोण कोण असतं. आधी मला वाटायचं, बाईला भोचकपणा फार. आता कळतं, निम्मं दुखणं त्या तिथेच ऐकतात.

माझ्या नवऱ्याबद्दल, रितेशबद्दल, तुला जे काही माहीत आहे ते त्या रविवारचं. ते तर सगळ्या तालुक्याला माहीत आहे. तू तेव्हा नव्याने सासरी गेलेली, आणि हॉस्पिटलात मला बघायला तुला पाठवलं नाही. त्यामुळे तू ऐकलंस ते चार तोंडांतून फिरून आलेलं. त्या रविवारच्या आधीची सात वर्षं मी आपल्या घरात कोणालाच सांगितली नव्हती. तुझ्यासाठी तो महाबळेश्वरहून स्वेटर आणणारा, तुझ्या हळदीत नाचणारा भावजी होता. तो तसाही होता, ते काही खोटं नव्हतं.

पहिल्यांदा झालं ते लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा. कंपनीत सुपरवायझरने त्याला सगळ्यांसमोर बोल लावला होता. घरी आला, जेवायला बसला, आणि मी विचारलं की आज उशीर का झाला. एवढंच. तो उठला, माझे केस मुठीत धरले आणि डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं. वैशू, मला आधी दुखलंच नाही. आधी डोळ्यात गरम काहीतरी गेलं आणि दिसेना. भुवई उभी फाटली होती. मग तोच घाबरला. टॉवेल बांधला, मोटरसायकलवर बसवून महाडला नेलं. रस्ताभर रडत होता. डॉक्टरने विचारलं काय झालं, तर मी तोंड उघडायच्या आत तो म्हणाला, "मोरीत घसरली." डॉक्टरने टाके घातले आणि त्यालाच सांगितलं की मोरीतली शेवाळ घासून काढा. येताना त्याने मला उसाचा रस पाजला. मला वाटलं, चूक झाली त्याच्याकडून, पण जीव आहे माझ्यावर.

नंतर बरगडी. तेव्हा मला पोलादपूरला नेलं, हाडांना तिथला डॉक्टर चांगला म्हणून. नंतर एकदा गाल आणि आतली दाढ, तेव्हा माणगावला. एकदा पाठीवर उलथनं तापवून लावलं, तेव्हा खेडला, आणि तिथल्या डॉक्टरला सांगितलं की हिच्या अंगावर गरम पाणी सांडलं. प्रत्येक वेळी तो बरोबर, माझ्या शेजारच्या खुर्चीत. तोच बोलायचा. मी मान हलवायची. मला खरंच वाटायचं की माणूस किती धावपळ करतो, कुठल्या दुखण्याला कोण डॉक्टर याची चौकशी करून घेऊन जातो. एक दिवस गच्चीवर मी कपडे वाळत घालत होते आणि रुकय्याचाची कोळंबीचे सोडे वाळायला पसरत होती. ती खाली मान घालूनच म्हणाली, "तुझा नवरा तुला दर खेपेला नव्या डॉक्टरकडं नेतो. एकाच्याकडं दोनदा गेलीस, तर तो वळखील ना तुला." मी ओला टॉवेल हातात घेऊन तशीच उभी राहिले. ती सोडे पसरून खाली निघून गेली.

आता पुढचं लिहायला हात अडतो, पण लिहिते. माझं बाळ गेलं तेव्हा तू आली होतीस. माझ्या पायथ्याशी बसून तळवे चोळत होतीस, आणि आई सगळ्यांना सांगत होती की धरलंच नाही, पहिलटकरणीचं होतं कधी कधी असं. धरलं होतं, वैशू. चौथा महिना लागला होता. त्याच्या कंपनीचे बूट तू पाहिले असशील, पुढे आतून लोखंडी टोपी असते, पायावर काही पडलं तर बोटं वाचावीत म्हणून. तो दुसऱ्या पाळीहून आला होता आणि बूट काढलेले नव्हते. मी भांडी घासायला खाली बसले होते. पहिली लाथ कमरेत बसली, मी कुशीवर पडले. दुसरी पोटात. मग मला आठवतं ते फक्त लादीवरचं पाणी, आणि त्यात पसरत गेलेला रंग. हॉस्पिटलात एका नर्सने विचारलं, पडलात का कुठे. तो उशाशी उभा होता. पलीकडच्या खाटेवरची माणसं ऐकत होती. मी म्हटलं, हो, पडले.

सुंबुल मॅडम मला सापडल्या त्या सावित्री नदीच्या पुरामुळे, असंच म्हणावं लागेल. दोन पावसाळ्यांपूर्वी जुलैत चार दिवस पाणी उतरत नव्हतं. महाडचा रस्ता बंद, पोलादपूरकडे दरड आलेली, कंपनीही बंद. तो घरात कोंडलेला आणि मी त्याच्या समोर. कशावरून झालं ते आठवतही नाही. उघड्या हाताची एक कानाखाली बसली आणि डोक्यात शिट्टी वाजायला लागली. ती थांबेचना. उशीवर रक्त यायला लागलं, दुसऱ्या दिवशी ताप भरला. त्याला बाहेर कुठे नेता येईना. चाची जिन्यातून म्हणाली, बाजारात नवी डॉक्टरीण बसते, तिथं न्या, नायतर पोर घरातच मरल. तेव्हा नाइलाजाने घेऊन गेला.

मॅडमनी बॅटरीने कान पाहिला. मग भुवई पाहिली. मग माझा हात हातात घेऊन मनगट उलटं-पालटं केलं, बोटं एकेक करून पाहिली. रितेशने सुरुवात केली की ही झोपेत पलंगावरून पडली. मॅडम त्याच्याकडे न बघता म्हणाल्या, "तुम्ही बाहेर थांबा." तो म्हणाला, "मी नवरा आहे." त्या म्हणाल्या, "इथे सगळेच नवरे बाहेर थांबतात." आणि पडदा ओढला. त्याला काय करावं कळेना, बाकावर लोक बघत होते, गेला बाहेर. मग त्यांनी माझ्या चांगल्या कानाशी खुर्ची ओढली आणि हळू म्हणाल्या, "कानाचा पडदा हाताच्या फटक्याने फाटलाय. हात कोणाचा ते मी आज विचारत नाही. तुम्हाला वाटेल तेव्हा सांगा. पण हा कान मला पुन्हा बघायला लागणार, आणि पुन्हा." बाहेर जाऊन त्याला ठणकावून सांगितलं की दर आठवड्याला दाखवलं नाही तर पू मेंदूत जाईल, आणि मग जबाबदारी तुमची. तो घाबरला. मेंदूचं नाव काढलं की माणूस घाबरतो. असं मला पहिल्यांदा एकाच डॉक्टरकडे दुसऱ्यांदा जायला मिळालं.

कान बरा व्हायला फार दिवस लागले नाहीत, पण मॅडमनी त्याला ते कळू दिलं नाही. रक्त कमी आहे म्हणून गोळ्या, मग पाळीचं, मग सांधे. आईला साखर आहे हे त्यांनीच शोधलं, आठवतं ना, आपण सगळे तिला उन्हाने चक्कर येते म्हणत होतो. बाबांचा दमाही त्यांच्याकडेच. बाबा डोंगर उतरून आले तेव्हा काखेत कोंबडा घेऊन आले, "डाक्टरबाय, गावठी हाय." त्या म्हणाल्या, दवाखान्यात कोंबडा चालत नाही. बाबा कोंबडा बाकाला बांधून निघून गेले, आणि दिवसभर तो पेशंटवर ओरडत होता. मी त्या दिवशी पोट धरून हसले. हसता हसताच एकदम रडायला आलं आणि मॅडमना सगळं सांगून टाकलं. भुवईपासून बाळापर्यंत. त्यांनी मध्ये एकदाही अरेरे म्हटलं नाही. ऐकून घेतलं, पाणी दिलं. मग सरळ सांगितलं की पोलिसात जायचं तर काय होतं, कोर्टातून काय मिळतं, त्याला घराबाहेर ठेवता येतं का, आणि हेही सांगितलं की मी निघायचं ठरवेन तेव्हाच सगळ्यात जास्त धोका असेल. "घाई मी करणार नाही," म्हणाल्या. "कधी, ते तू ठरव." तुमच्यावरून तू वर कधी आल्या ते मला कळलंही नाही.

मजा अशी की रितेशही त्यांच्याकडे जायला लागला. कंपनीतल्या वासाने त्याचा खोकला जात नव्हता. सगळं माहीत असताना त्यांनी त्याची छाती तपासली, नीट औषध दिलं. तो घरी येऊन म्हणाला, बाई हुशार आहे, फक्त बोलते फार.

मग तो रविवार. चहाच्या टपरीवर त्याला कोणीतरी म्हणालं की तुझी बायको त्या डॉक्टरणीकडे तास-तास बसते, काय बोलते ते विचार जरा. तो घरी आला तेव्हा मी पाट्यावर वाटण वाटत होते. काही ओरडला नाही. शांतपणे दाराला आतून कडी घातली. मला उठवून उंबऱ्यापाशी ओढत नेलं, माझा डावा हात उंबऱ्यावर सपाट ठेवला आणि त्यावर गुडघा दिला. म्हणाला, "याच हाताने दवाखान्याचं दार ढकलतेस ना?" आणि वरवंटा उचलला. मी पहिला घाव पाहिला, दुसरा पाहिला नाही. बोटांचा आवाज वाळली काटकी मोडावी तसा आला. मी ओरडले की नाही मला आठवत नाही. चाची सांगते, आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला.

ती धावत वर आली आणि दारावर दोन्ही मुठींनी मारायला लागली. तिला हाकलायला म्हणून त्याने कडी काढली, आणि मी त्याच्या हाताखालून बाहेर पडले. जिन्यात त्याने चाचीला ढकललं, ती पायरीवर बसली ती बसलीच, तिचा खुबा अजून दुखतो. मी अनवाणी बाजारातून पळाले. हात छातीशी धरलेला, साडीवर हिरवं वाटण आणि रक्त. रविवारचा बाजार भरलेला होता. माणसांनी वाट दिली. कोणी अडवलं नाही, कोणी काही विचारलंही नाही.

मॅडमनी मला आतल्या खोलीत बसवलं, हात पाहिला, तोच बाहेर काच फुटली. दवाखान्याला तेव्हा काचेचं दार होतं. तो लोखंडी पाइप घेऊन आला होता. "बाहेर ये, डॉक्टरणी," म्हणून शिव्या देत होता, त्या मी इथे लिहीत नाही. बाकावर कारखान्यातली तीन-चार धट्टीकट्टी माणसं बसली होती, ती भिंतीला चिकटली. एका बाईने पोर पदराखाली घेतलं. मॅडम पडद्याबाहेर गेल्या आणि जशा मोबाइलवाल्याला सांगतात तशाच म्हणाल्या, "आवाज खाली. पेशंट आहेत." त्याने पाइप फिरवला. त्यांनी हात आडवा घातला आणि मनगट मोडल्याचं मला आतपर्यंत ऐकू आलं. त्या खाली बसल्या. चष्मा उडाला. त्याने पाइप दोन्ही हातांनी पुन्हा वर घेतला, या वेळी डोक्यावर मारायला.

मी काय केलं ते ठरवून केलं नाही. पडद्यातून निघाले आणि खांद्याने त्याच्यावर जाऊन आदळले, म्हैस दावं तोडून जाते तशी. त्याचा पाय काचांवरून सरकला. तो मागे गेला तो दाराच्या चौकटीत उभ्या राहिलेल्या काचेवर. पाइप सुटला. उठायला लागला आणि स्वतःच्या दंडाकडे बघून थांबला. काखेच्या खाली, दंडाच्या आतल्या बाजूला काच उतरली होती आणि तिथून रक्त उडत होतं. वाहत नव्हतं, वैशू, उडत होतं, थांबून थांबून, भिंतीपर्यंत. तो हळूच खाली बसला. तोंड पांढरं पडलं.

मॅडम जमिनीवरून म्हणाल्या, "माधुरी, मूठ घाल. दंडाच्या आत, हाडावर दाब." मी उभीच. त्या म्हणाल्या, "माझा हात मोडलाय. मला जोर लागणार नाही. तू दाबून धर." त्यांचा एक हात आणि माझा एक हात, एवढेच त्या खोलीत कामाला येणारे हात होते. मी त्याच्या छातीवर गुडघा ठेवला आणि उजवी मूठ त्याच्या दंडात दाबली. रक्त थांबलं. माझ्या मुठीखाली त्याचं काळीज धडधडत होतं ते मला कळत होतं. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "मधू, सोडू नको."

मूठ जरा सैल केली असती तर कोणाला कळलं नसतं. हात रक्ताने निसरडा झालाच होता, घसरला असं म्हणता आलं असतं. मला माझं बाळ आठवलं, ते बूट आठवले. मॅडम माझ्याकडे बघत होत्या. मला काय सुचत होतं ते त्यांना कळत होतं अशी माझी खात्री आहे. तरी त्या ओढणी दातात धरून एका हाताने तिचा फास करत होत्या. मी मूठ सोडली नाही. दया आली म्हणून नाही. तो तिथे मेला असता तर मोरीत घसरलेली, पलंगावरून पडलेली, गरम पाण्याने भाजलेली माधुरीच कायमची खरी ठरली असती. मला तो जिवंत हवा होता, मी सांगेन तेव्हा ऐकायला. मॅडमनी माझ्या मुठीच्या वर ओढणी आवळली, भिंतीला चिकटलेल्या त्या माणसांपैकी एकाला ओरडून अँब्युलन्स बोलवायला लावली, आणि ती येईपर्यंत मी तशीच बसले.

तो वाचला. हॉस्पिटलात माझ्या हातावर ऑपरेशन झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी काही माणसं आली. त्यातली निम्मी मी कधी पाहिली नव्हती. म्हणाले, वहिनी, तुम्ही फक्त सांगा की त्या डॉक्टरणीने तुम्हाला फूस लावली, तिच्या लोकांनी रितेशला कापला, पुढचं आम्ही बघतो, तुम्ही आपल्या आहात. मी म्हटलं, सात वर्षं मी कोणाची होते? बाबा खाटेशी बसले होते. आपले बाबा, ज्यांनी कधी तलाठ्यापुढे आवाज वर केला नाही, ते काठी घेऊन उठले आणि म्हणाले, "निघा. माझ्या पोरीचा हात कोणी फोडला ते तिनं डोळ्यानं बगितलंय." ते गेले. मी पोलिसांना जबाब दिला, पहिल्या टाक्यापासून. मॅडमनी त्यांना ठाऊक होतं तेवढं सांगितलं. चाचीनेही सांगितलं, पायऱ्यांवर बसून, कारण तिला उभं राहवत नव्हतं. रितेश तुरुंगात आहे. केस चालू आहे, पुढच्या महिन्यात माझी साक्ष आहे, आणि मला भीती वाटते. पण मी जाणार आहे.

मॅडमच्या मनगटात स्टीलची पट्टी घातली आहे. त्यांचे वडील म्हणाले, पुरे झालं बिरवाडी, मुंबईला जा. त्यांनी कित्येक दिवस दवाखाना उघडलाही नाही. मोटरसायकल दारात थांबली की त्या अजून दचकतात, मी शेजारीच असते म्हणून मला दिसतं. त्या दिवशी भिंतीला चिकटलेली माणसं एक दिवस माना खाली घालून आली आणि नवं दार बसवून गेली, लाकडी. त्याच्या दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या. दार दोनदा उघडून-मिटून पाहिलं आणि मला म्हणाल्या, उद्यापासून तू बाहेर बस.

आता हे सगळं आज का लिहिलं ते सांगते. शिमग्याला तू माहेरी आलीस, दोनच तास, तुझा नवरा अक्षय बरोबर होता. मी फळीवरचं टोपलं काढायला तुझ्या डोक्यावरून हात वर केला आणि तू मान खाली घातलीस. दोन्ही खांदे कानापर्यंत आले, डोळे मिटले. मग हसून म्हणालीस, केस डोळ्यात गेले. वैशू, मी ती मान ओळखते, ती माझीच आहे. आणि तू का बोलत नाहीस तेही मला कळतं. एकीचं मोडलं, आता दुसरीचं तरी टिकू दे, असं तुझ्या मनात असणार. मी आई-बाबांना विचारलं आहे. बाबा म्हणाले, "तिला सांग, मी गोठा झाडायचा तसाच ठेवीन, पन तिला घ्यायला यीन." तुझा फोन त्याच्या खिशात असतो म्हणून हे पत्र आई स्वतः तुझ्या हातात देईल. वाचून झालं की चुलीत घाल. मंगळवारी आईला साखर दाखवायला बिरवाडीला यायचं आहे, तिला एकटीने एसटी झेपत नाही, म्हणून ती त्याच्यासमोर तुला मागून घेईल. तो बरोबर येतो म्हणाला तर येऊ दे, नाही म्हणू नकोस, वाद घालू नकोस. पडद्याच्या आत तो येणार नाही, ते मी बघेन. त्या दिवशी परत गेलीस तरी चालेल, पुन्हा यायचं निमित्त मॅडम काढतील. नाही गेलीस तरी चालेल. माझ्या खोलीत खिडकीखाली दुसरी गादी घातली आहे, आणि चाचीने तुझ्यासाठी उशीला नवा अभ्रा शिवला आहे.

तुझी वाट बघणारी, तुझीच,
माधुरीताई